न शिकवलेले दहाजण

मिनल साबळेची सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवण्यात गेली होती. तिचा विषय होता मोठ्या माणसांना दुसरी भाषा कशी येते. विद्यापीठात कायमची एक जागा निघणार अशी कुणकुण लागली, तेव्हा तिच्याकडे पीएच.डी. होती, पण नाव व्हावं असं संशोधन नव्हतं. म्हणून तिनं घराजवळच, चिखलीत, एक प्रयोग मांडला.

चाकणच्या कंपन्यांत नव्यानं लागलेले वीस ओडिया कामगार तिनं गाठले. त्यातल्या दहांना ती दर रविवारी स्वतःच्या पद्धतीनं मराठी शिकवू लागली. तक्ते होते, चित्रं होती, टाळ्या वाजवून म्हणायची क्रियापदं होती. उरलेल्या दहांना काहीच शिकवायचं नव्हतं. ते फक्त तुलनेपुरते. ते गिरजाबाईंच्या खानावळीत जेवायचे, एवढीच त्यांची नोंद.

सहा महिन्यांनी परीक्षा झाली. कांदा बाजाराचा फोटो दाखवून मिनल म्हणाली, बोला. तिचे विद्यार्थी घाम पुसत म्हणाले, हा बाजार आहे, बाजारात कांदे आहेत. मग न शिकवलेल्यांतला बिभूती आला. त्यानं फोटो डोळ्यांजवळ धरला.

"ह्यो माल भिजल्याला हाय, बाई. घिऊ नका. आठ दिसात सडंल."

पुढचे नऊही तसेच. एकानं तर व्यापाऱ्याच्या घरच्यांचाही उद्धार केला, अगदी शुद्ध मावळी बोलीत.

मिनल निकाल घेऊन आपल्या मार्गदर्शकांकडे, नानासाहेबांकडे गेली. ते निवृत्तीला टेकलेले होते. दुसरा गट गावी निघून गेला असं लिहून टाक, असा पोक्त सल्ला त्यांनी दिला. मिनलला ते पटेना. ती खानावळीत जाऊन बसली आणि पाहते तर काय, हिंदीत भाजी मागणाऱ्याकडे गिरजाबाई ढुंकूनही बघत नव्हत्या. मराठीत मागितलं की लगेच वाटी भरायच्या. मिनलनं वहीत 'सक्तीचं भाषिक वातावरण' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली. मग ही पद्धत कशी सुचली, असं तिनं अदबीनं विचारलं.

"कसली पद्धत?" गिरजाबाई म्हणाल्या. "मला हिंदी कळतच न्हाई."

मिनलनं तेही जसंच्या तसं लिहिलं.

मुलाखतीत समितीच्या अध्यक्षांनी निबंध चाळला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहत निष्कर्ष विचारला.

"शिकवलं की कमी येतं, सर," मिनल म्हणाली. जागा गेली, हे तिनं मनात धरूनच टाकलं होतं.

अध्यक्षांनी निबंध मिटला. मग त्यांनी सांगितलं की त्यांनी स्वतः बावीस वर्षं जर्मन शिकवलं, आणि पहिल्यांदा जर्मनीला गेले तेव्हा विमानतळावर स्वच्छतागृह सापडायला त्यांना पाऊण तास लागला. समितीतले दोघं खोकल्याच्या आडून हसले. तिसरी सदस्य फ्रेंच शिकवायची. ती खाली मान घालून कागद नीट करत राहिली.

पंधरा दिवसांनी मिनलला नेमणुकीचं पत्र आलं. पेढे घेऊन ती खानावळीत गेली. नोकरी कसली, असं गिरजाबाईंनी विचारलं. भाषा शिकवायची, मिनल म्हणाली.

"आणि शिकवून येत न्हाई, हे तूच लिवलंस?"

"हो."

गिरजाबाईंनी पेढा तोंडात टाकला, तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सरकारी हाय ना? मग ऱ्हाऊ दे."