शेवटच्या रानाला आधी पाणी

सहल म्हणजे काय असतं, हे अंजलीबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी त्या एकदा गेल्या होत्या की सहलीला. पुढं माहिती सांगणारा माणूस, त्याच्यामागं पोरांची रांग, आणि रांगेच्या पार शेवटी बौद्धवाड्यातल्या चार पोरी, त्यात ह्या. दिवसभरात पाहिलं काय, तर पुढच्या पोरीच्या वेणीची रिबीन. माणूस काय बोलला ते मागं पोचलंच नाही. घरी आल्यावर वडिलांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, काय काय बघितलं गं, तर सांगायला काही नाही. ती रुखरुख त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

आता त्या निरवांगीच्या शाळेत बाई होत्या, साल होतं सत्त्याण्णव, आणि सातवीचा वर्ग त्यांच्या हातात होता. त्यांनी मनाशी पक्कं केलं, पोरांना बारामतीच्या वनस्पतींच्या बागेत न्यायचं. पण रांग करायची नाही आणि माहिती सांगणारा माणूसही नको. पोरं आपापली हिंडतील, आपल्या डोळ्यांनी बघतील, आणि एकही पोर हात हलवत परत येणार नाही.

हेडमास्तर संभाजीरावांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. झाडं बघायला बारामतीला जायचं, मग आपल्या गावात काय वाळवंट हाय का, असं त्यांनी विचारलं. समाधान नावाच्या वर्गातल्या दांडगटाची आजी साखरबाई तर शाळेच्या दारातच येऊन बसली. देवाला न्या, कारखाना दाखवा, आमचं बेणं जन्मल्यापास्नं झाडावरच हाय, त्याला आणखी झाडं कसली दाखवताय, असा तिचा सवाल. बाईंनी तिला चहा पाजला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि ठरवलं होतं त्यातलं तसूभरही बदललं नाही. हट्टी होत्याच त्या.

खरी आडकाठी होती बारामतीत. बागेचे अधीक्षक केशवराव माणूस भला, पण आदल्या वर्षी कुठल्याशा शाळेच्या पोरांनी बागेत असा धुडगूस घातला होता की तेव्हापासून त्यांनी शाळांचा धसकाच घेतलेला. शाळा आली की आमच्या माणसाच्या मागं, एका रांगेत, हा त्यांचा नियम. एका रविवारी बाई एसटीनं जाऊन त्यांच्यापुढं बसल्या त्या उठेचनात. शेवटी केशवराव कंटाळले.

"ठीक आहे बाई, तुमच्या पद्धतीनं सुरू करा," ते म्हणाले. "पण एक रोप जरी जागचं हललं, तरी तिथंच थांबवीन. मग रांग करायची आणि आमच्या माणसामागून चालायचं. पुन्हा असली मागणी घेऊन यायचं नाही."

बाई हो म्हणून बसल्या. परतीच्या एसटीत त्यांना उमगलं, आपण काय कबूल करून बसलो ते. सातवीची पोरं आणि एकही रोप हलायचं नाही, म्हणजे झालंच की.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणातच त्यांनी तालीम घेतली. लिंब आहे, चिंच आहे, शेवगा आहे, जा आणि आपापलं बघा, असं सांगितलं. पोरं जी सुटली ती सगळीच्या सगळी चिंचेखाली. समाधान आणि त्याचे दोस्त खोडाला चिकटले, त्यांच्यामागं बाकीची, आणि अगदी बाहेर टाचा उंचावून उभी राहिली अनसूया. ही पोर वर्गात हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. रांग नव्हती, तरी शेवट होताच. बाईंना रडायचंच बाकी राहिलं. व्हरांड्यात उभं राहून संभाजीरावांनी ते सगळं बघितलं, हे तर बाईंना जास्तच लागलं.

त्याच आठवड्यात कालव्याची पाळी सुटली आणि अर्धा वर्ग गायब झाला. पाणी आलं की घरातलं लहानथोर रानात, हे बाईंना ठाऊक होतं. दोन दिवसांनी मोनाली उगवली, पायाला वाळका चिखल तसाच. बाईंनी कारण विचारलं.

"रानात पाण्याची दारं धरायला हुते, बाई," मोनाली म्हणाली. "ह्या वक्ताला चारीवाल्यांनी, एका पाटावरच्या समद्यांनी, बैठक घेतली. शेवटच्या रानाला आधी पाणी. न्हायतर वरची लोकं सगळं पाणी वडून घेत्यात आन् टेलवाला, पार शेवटचा, बसतो बोंबलत. शेवटचा वाफा भरला की दारं मोडायचं आन् पाणी अलीकडच्या वाफ्यात घ्यायचं."

 बाई खडू घेऊन फळ्याकडं वळल्या आणि भराभरा बागेचा नकाशा काढायला लागल्या. बागेचं शेत झालं. झाडांचा एकेक ताटवा म्हणजे वाफा, पोरांचा एकेक गट म्हणजे पाणी. वर्गात जी कायम मागं राहतात त्यांचा गट पहिला आत जाईल, थेट बागेच्या पार टोकाला. बाकीच्यांनी त्यांच्या अलीकडचा एकेक वाफा धरायचा. आपल्या वाफ्यात गटातल्या प्रत्येकानं कुणी न सांगितलेली एक तरी गोष्ट स्वतः बघायची, तोवर वाफा भरला नाही. सगळे भरले की मोनालीनं दारं मोडा म्हणून हाक द्यायची आणि सगळ्या गटांनी एकदम एकेक वाफा अलीकडं सरकायचं, फाटकाजवळच्या गटानं टोकाला जायचं.

पोरांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. दुसऱ्या तालमीत पटांगणात एवढी शांतता की संभाजीरावच बाहेर आले. त्यांचं स्वतःचं रान चारीच्या टेलला. आयुष्य गेलं होतं त्यांचं वरच्यांशी भांडण्यात.

"हे आधी न्हाय का सांगायचं बाई?" ते म्हणाले. "टेलवाल्याचं दुखणं मला माहीत न्हाय व्हय?" आणि एसटी ठरवायला ते स्वतःच इंदापूरच्या डेपोत गेले.

सहलीच्या दिवशी केशवराव फाटकातच उभे होते, माहिती सांगणारा माणूस शेजारी तयार ठेवून. अनसूयाचा गट सगळ्यांच्या देखत पहिला आत गेला. मोनालीची हाक आली, गट सरकले. पुन्हा हाक, पुन्हा सरकले. कुठं रेटारेटी नाही, ओरडा नाही. संभाजीरावांची छाती पार फुगून गेली आणि बाईंच्या जिवात जीव आला.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. समाधानचा गट औषधी वनस्पतींच्या वाफ्यात शिरला. तिथं नावाच्या पाटीमागं डौलात उभा होता आघाडा. आता वाफ्यात बसलेला माणूस आणि हात रिकामा, हे आमच्याकडच्या पोरांना जमतंच कुठं? समाधाननं बघता बघता आघाडा मुळासकट उपटला, माती झटकली, शिस्तीत कडेला ठेवला आणि शेजारच्या माक्याला हात घातला.

"ए!" केशवराव कडाडले. समाधानच्या हातून माका सुटला. तण होतं म्हणून काढलं, एवढंच तो कसंबसं पुटपुटला.

केशवरावांनी दुसरं काही ऐकून घेतलं नाही. रांग लावा म्हणाले. माहिती सांगणारा माणूस पुढं आला, पोरं गोळा झाली, आणि कुणी न सांगता समाधान आणि कंपनी पुढं गेली, अनसूया मागं सरकत सरकत पार शेवटाला. बाईंनी ते बघितलं आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"साहेब, चूक आमची," त्या म्हणाल्या. "समाधान आत्ता तो आघाडा लावील, पाणी घालील. रांगही तुम्ही म्हणाल तशी लावते. पण त्याआधी ह्यातलं कुठलंही पोर निवडा आणि काय बघितलं ते विचारा. त्याला सांगता नाही आलं, तर आयुष्यात परत सहल काढणार नाही."

केशवरावांनी रांगेवरनं नजर फिरवली. ती जाऊन थांबली ती नेमकी शेवटाला.  संभाजीरावांनी डोळेच मिटले. हजेरीला तोंड न उघडणारी पोर ही, आता काय बोलणार?

अनसूयानं आधी बाईंकडं बघितलं.

"त्या टोकाला मोठं झाड हाय," ती म्हणाली. "लांबनं नुसतीच पानं दिसत्यात. पर मागच्या अंगानं गेलं की फुलं. फांदीला न्हाईत, खोडालाच फुटल्यात, पार जमिनीपास्नं. फुलाच्या आत नागाच्या फडीवाणी हाय आन् तिच्याखाली बारकी पिंड. वास लांब येतो, पर नाक लावलं की कमी लागतो. मी तीनदा बघितलं लावून." मग जरा थांबून म्हणाली, "खाली एक फळ पडलंय, त्यात मुंग्या शिरल्यात. त्या कुठं जात्यात ते बघायचं ऱ्हायलंय. तेवढ्यात दारं मोडायची हाक आली."

 केशवरावांनी आपल्या माणसाला चहाला पाठवून दिलं.

"चल, मुंग्या कुठं जातात ते बघू," ते अनसूयाला म्हणाले. बाईंकडं वळून त्यांनी सांगितलं, की पुढच्या वर्षी सहावीही आणा, आणि अशीच आणा.

समाधान आघाड्याच्या मुळाशी माती दाबत बसला होता. मोनालीनं दारं मोडा म्हणून अशी काही आरोळी ठोकली की फाटकाबाहेरची माणसं आत डोकावली. अंजलीबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

परतीच्या एसटीत अनसूया बाईंच्या शेजारी बसली आणि बोलायला लागली. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं, तिचं बोलणं चालूच होतं. मागच्या बाकावरून समाधान वैतागून म्हणाला, बाई, हिला गप करा की.

बाई म्हणाल्या, "तूच गप बस. ऐकू दे मला."