माझे कार्ड त्याच्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि स्वभावाने जळका आहे. आत्मवृत्त सांगताना बहुतेक जण आधी आपले गुण सांगतात. मी माझा दोष आधी सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बोलण्यात कडवटपणा कुठून आला, असे तुम्हाला वाटायला नको.

मी कोणत्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. मला आठवते ती न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाची काच. तिच्यामागे आम्ही दहा-बारा भावंडे उभी होतो. पिठाने पांढरे झालेले हात खिशात घालून एक माणूस रोज काचेसमोर थांबायचा. त्याचे नाव फिदेन्सिओ. तो पिझ्झाच्या दुकानात कणीक तिंबायचा. एक दिवस तो आत आला आणि बाकीच्यांसारखा रंग-रूप न विचारता त्याने एवढेच विचारले, "यात आवाज साठवता येतो का? म्हणजे समजा, माझ्या आईचा?"

दुकानदार हो म्हणाला आणि मी विकला गेलो.

सीमेपलीकडे दक्षिणेला असलेल्या आमच्या पुएब्लाकडची अर्धी माणसे न्यूयॉर्कला असतात आणि उरलेली अर्धी घरी त्यांची वाट बघतात. दोन्हीकडचे सामान पोचवणारा एक माणूस असतो. तो जाताना घरचे खाणे नेतो आणि येताना तिकडच्या वस्तू आणतो. मी त्याच्या पेटीतून आलो, तेही एका लहान मुलीच्या नव्या कोऱ्या बुटात बसून. बूट होता फिदेन्सिओच्या लेकीचा, आरासेलीचा. तिची आई ती तान्ही असतानाच गेली होती. ती तीन वर्षांची झाली तेव्हा बाप कामासाठी उत्तरेला गेला आणि ती आजीजवळ राहिली. त्या आजीचे नाव कुका. मी आलो तेव्हा आरासेली दुसरीत होती.

त्या काळी माझा रुबाब काय सांगू! अंगावर डाळिंबाच्या दाण्यांसारखी बटणे, वर बिस्किटाएवढा पडदा, पाठीवर मोहरीएवढा कॅमेरा आणि पोटात नखाएवढे कार्ड. त्या कार्डात इतकी गाणी मावत की कुकाआजीला ते खरेच वाटेना. ती बाजारात मोलेचे वाटण विकते. वाळक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे आणि चॉकलेट भाजून, वाटून ते काळेभोर वाटण होते. मी तिच्या एप्रनच्या खिशात बसून गात असे आणि ती मिरच्या परतत मला साथ देत असे. माझ्या पाचाच्या बटणाखाली एक तीळ अडकला आहे, तो त्याच दिवसांतला. काढू म्हणाल तर मी काढू देणार नाही.

माझे खरे काम मात्र नाचाच्या दिवशी असे. आमच्याकडे लग्न असो, जत्रा असो, गल्ली अडवून नाच होतो. नाच लावणाऱ्याला सोनिदेरो म्हणतात. आमचा सोनिदेरो प्लुतार्को. त्याच्या स्पीकरांची भिंत घरांपेक्षा उंच. तो गाणी लावतो आणि गाणे चालू असतानाच माइकवरून सलाम सांगतो. लोक पुठ्ठ्यावर नावे लिहून त्याच्यासमोर धरतात आणि तो घुमवून घुमवून वाचतो, "सलाम, सलाम, न्यूयॉर्कमध्ये कणीक तिंबणाऱ्या फिदेन्सिओला, त्याच्या आई कुकाकडून आणि लाडक्या आरासेलीकडून!" पूर्वी हे सलाम कॅसेटवर भरून उत्तरेला पाठवत. पोचायला महिना लागे. मी आलो आणि ते त्याच रात्री पोचू लागले. आरासेली स्टुलावर चढून मला स्पीकरपुढे धरायची आणि सारी गल्ली तिच्याभोवती गोळा व्हायची.

"कुकाबाई, तुमच्या त्या डबीत आमच्या लिओन्सिओचं नाव पण पकडा हो," शेजारची चोले म्हणायची.

"पकडते. पण तुझ्या लिओन्सिओला सांग, आईला दोन शब्द पाठव म्हणावं. नुसताच ऐकतो मेला!"

असे ते दिवस. कुकाआजीला अक्षरे फारशी येत नाहीत, पण दोनाचे बटण दाबून धरले की मुलगा बोलतो, एवढे तिला पक्के ठाऊक होते. ते बटण झिजून गुळगुळीत झाले. माझे नाव गल्लीत सगळ्यांच्या तोंडी होते. मला वाटे, हे असेच चालणार.

मग तो आला.

आरासेलीला पंधरा वर्षे पूर्ण होणार म्हणून बापाने त्याला पाठवले होते. मला बुटातून आणले होते, मित्रांनो, आणि तो मखमलीसारख्या मऊ खोक्यातून आला! अंगावर एकही बटण नाही. सगळी काचच काच. तोंड बघावे इतका चकचकीत.

"आजी, बघ ना! नुसतं बोट फिरवलं की चालतो."

"बोट फिरवून? मग अडून बसला तर काय करायचं? कान पिळायचा?"

"आजी गं! यात बाबा दिसतात. चालता-बोलता. आत्ताच्या आत्ता!"

आणि खरेच फिदेन्सिओ दिसला. कुकाआजीने हंबरडा फोडला आणि त्या काचेचा मुका घेतला. मी तिच्या एप्रनच्या खिशात होतो. इतकी वर्षे त्याचा आवाज मी पोचवला होता, पण माझा मुका कोणी घेतला नव्हता.

एवढ्यावर भागले असते तर मी गिळले असते. पण आरासेलीने माझी पाठ उघडली आणि पोटातले कार्ड नखाने उचकटून काढले.

"अगं, त्याचं काय काढतेस?" आजीने विचारले.

"गाणी सगळी यातच आहेत ना. नव्यात घालते. तुझा नुसता फोनवर बोलायला पुरे आहे."

माझी गाणी, माझे सलाम, आरासेलीचे लहानपणचे बोल, सगळे एका क्षणात त्याच्या पोटात गेले. संध्याकाळी अंगणात त्याने माझेच गाणे माझ्यापेक्षा मोठ्या आणि स्वच्छ आवाजात म्हटले. त्या दिवसापासून मी जळका झालो. तुम्ही झाला नसतात का?

पुढे माझ्याकडे उरले फोनचे आणि विजेरीचे काम. आरासेलीच्या मैत्रिणी मला हातात घेऊन हसत. "आजींचा फोन? याने अक्रोड फोडता येतील गं!" कुकाआजीने मात्र मला सोडले नाही. मला वाटे ते प्रेमापोटी. खरे कारण असे की मिरच्या भाजून तिच्या बोटांची कातडी इतकी राठ झाली होती की त्या काचेला ती बोटे माणसाची वाटतच नसत. ती दहादा टोचायची आणि तो ढिम्म. मला मात्र तिचे एक बोट पुरे. तेवढ्यावर मी मनातल्या मनात मिरवून घ्यायचो.

आता पंधराव्या वाढदिवसाचे सांगतो. आमच्याकडे त्या दिवशी मुलगी पहिला नाच बापाबरोबर नाचते. साऱ्या गल्लीसमोर. फिदेन्सिओ येऊ शकत नव्हता. तो कागदपत्रांशिवाय गेलेला. एकदा आला असता तर त्याला परत जाता आले नसते आणि इकडचे घर बसले असते. बायका आरासेलीला म्हणाल्या, "मामाबरोबर नाच, काय बिघडतं?"

"मामा काय बाबा आहेत का? मी बाबांबरोबरच नाचणार. ते यात दिसतील, मी यालाच धरून नाचेन. आणि नाही दिसले तर नाचणारच नाही. केक खा आणि आपापल्या घरी जा."

हट्टी पोर! महिनाभर ती अंगणात सराव करत होती. त्याला दोन्ही हातांनी समोर धरायची आणि एक-दोन-तीन, एक-दोन-तीन करत गिरक्या घ्यायची. काचेतून बाप शिकवायचा, तो स्वतःही अडखळायचा आणि दोघे हसायचे. मी खुंटीवरच्या एप्रनमधून ऐकत होतो. ज्या मुलीच्या बुटात बसून मी या घरात आलो, ती त्याला हातात घेऊन नाचत होती! माझा नुसता तिळपापड होत होता.

तो दिवस उजाडला. गल्लीवर मांडव, मोठ्या पातेल्यात मोले, आरासेलीच्या अंगावर फुगलेला निळा झगा. कुकाआजीने एप्रनऐवजी नवा झगा घातला होता. त्याला खिसा नव्हता, म्हणून तिने मला छातीशी आत खोचले. तिकडे न्यूयॉर्कला फिदेन्सिओने भाड्याने सूट आणला होता.

प्लुतार्कोने माइक हातात घेतला. "ऐका हो! ज्यांची ज्यांची माणसं तिकडे आहेत, त्यांनी आत्ताच्या आत्ता त्यांना जोडा! आज न्यूयॉर्क आपल्या गल्लीत नाचणार!"

घात झाला तो इथेच. गल्लीत असे एकही घर नव्हते ज्याचे कोणी तिकडे नव्हते. शंभर काचा एकदम वर झाल्या. प्रत्येकाला आपल्या माणसाला हा नाच दाखवायचा होता. नाच सुरू झाला, आरासेलीने पहिले पाऊल टाकले आणि काचेतला फिदेन्सिओ गोठला. एक डोळा मिटलेला, तोंड अर्धे उघडे. पाठोपाठ सगळ्यांचेच लोक गोठले.

"जरा बंद करा, बायांनो!" प्लुतार्को ओरडला. "पोरीच्या बापाला वाट द्या!"

"ए, तू बंद कर," चोले शेजारणीला म्हणाली. "माझा लिओन्सिओ आत्ता कुठे दिसायला लागला होता."

"तूच कर. तुझा लिओन्सिओ काय, ऊठसूट दिसतो!"

प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने बंद करावे, म्हणजे आपले चालेल. कोणीच बंद केले नाही. प्लुतार्कोने गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले. पुन्हा तेच. आरासेली गल्लीच्या मधोमध त्या मेलेल्या काचेला धरून उभी होती. मामा पुढे झाला, तशी ती मागे सरली. "नाही म्हटलं ना मी!"

मला ते आत ऐकू येत होते. तो फसला! माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. पण कुकाआजीचे काळीज माझ्या पाठीवर धडाधड आपटू लागले आणि तो आनंद बघता बघता विरून गेला.

तिने मला बाहेर ओढले आणि दोनाचे बटण दाबून धरले.

त्याच्या वाटेवर शंभर जणांची गर्दी होती. माझी वाट जुनी, साधी, फक्त बोलण्याची. तिच्यावर कोणी नव्हते. एकदा वाजले, दोनदा वाजले.

"आई! मला काही दिसत नाही गं. पोरगी नाचतेय का?"

"नाही रे बाळा, थांबलीय. तू बोल. फोन ठेवू नकोस." आजी गर्दीतून वाट काढत प्लुतार्कोपाशी गेली. "हे घे. धर माइकला."

"काकू, हा डबा?"

"डबा तुझ्या घरी! धर म्हणते ना."

प्लुतार्कोने मला माइकला चिकटवून धरले. माझे तोंड माइककडे आणि पाठ गल्लीकडे. पाठीवरच्या मोहरीएवढ्या डोळ्याने मला सगळे दिसले. सगळ्या स्पीकरांतून एकदम एका माणसाचा श्वास ऐकू आला. मग फिदेन्सिओ बोलला. इतकी वर्षे ज्याला सलाम जात होते, त्याने पहिल्यांदाच सलाम धाडला.

"सलाम... सलाम आरासेलीला. तिच्या बाबाकडून."

आरासेलीने हातातली काच चोलेच्या हातात दिली आणि दोन्ही हात उचलले. पण ते अर्ध्यावरच थांबले.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुमचा खांदा किती उंच आहे?"

तिला माहीतच नव्हते, मित्रांनो. कसे असणार? काचेत फक्त चेहरा दिसतो.

तेव्हा कुकाआजी तिच्याजवळ गेली. तिने आपला राठ तळहात हवेत धरला, जरा विचार केला, बोटभर वर घेतला. "इथं. माझ्या फिदेन्सिओचा खांदा इथं येतो."

आरासेलीने तिथे हात ठेवला. स्पीकरांतून बाप मोजू लागला, "एक, दोन, तीन... डावा पाय, पोरी... एक, दोन, तीन." प्लुतार्कोने गाणे पुन्हा लावले आणि ती नाचली. गाणे संपेपर्यंत तिचा हात त्या उंचीवरून बोटभरही खाली आला नाही.

नाच झाल्यावर कुकाआजीने मला पुन्हा छातीशी खोचले. फोन बंद करायचे ती विसरली. तिकडे फिदेन्सिओनेही तो ठेवला नाही. बशांचे आवाज, हसणे, चोलेची भांडणे आणि लेकीचे "आजी, मोले वाढ ना!" हे सगळे तो आईच्या काळजाच्या ठोक्यांआडून, सूट घालून, ऐकत बसला. माझे चार्जिंग संपेपर्यंत मी त्याला त्या मांडवात बसवले होते.

दुसऱ्या दिवशी कौतुक कोणाचे झाले असेल? त्याचेच! चोलेच्या हातात असताना त्याने सगळ्या नाचाचे चित्र टिपले होते. ते घरोघर बघितले गेले, न्यूयॉर्कलाही गेले. लोक म्हणाले, "काय फोन आहे!" मीही एकदा ते पाहिले. त्यात एका कोपऱ्यात माइकला चिकटलेला एक काळा ठिपका दिसतो. तो मी.

आता जुन्या बॅटरीने माझे पोट फुगत चालले आहे. कुकाआजी मला अजून रोज चार्ज करते, पण किती दिवस, कोण जाणे. म्हणून तुम्हाला एवढेच मागणे आहे. तुमच्याही घरात खणात तळाशी माझ्यासारखा कोणी पडलेला असेल. त्याची पाठ उघडून त्याचे असेल नसेल ते काढून घेण्याआधी, त्याने कोणाला कोणापर्यंत पोचवले होते, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. त्याला कोरड्या फडक्याने पुसा, अधूनमधून जरा वीज द्या. आणि नव्याचे कौतुक करायचेच असेल तर खुशाल करा. तो वाईट नाही, हे मलाही कळते. फक्त माझ्यासमोर करू नका.