मुके स्पीकर

गिटारसाठी स्पीकर घ्यायला पुरुष एकटा आला तर मोठा बघतो आणि बायको बरोबर असेल तर लहान. ही माझी अकरा वर्षांची नोंद, आणि तिला तीनच अपवाद होते. त्या गुरुवारी दुपारी चौथा आला. बायको बरोबर होती, तरी काकांनी आत शिरल्याशिरल्या दुकानातल्या सगळ्यात मोठ्या खोक्याकडे बोट दाखवलं.

“हा घरात ठेवायचा आणि आपण जिन्यात राहायचं का?” काकू म्हणाल्या.

“अगं, घरी पण आणि स्टेजवर पण, एकच घ्यायचाय.”

काका येणार हे मला सकाळीच कळलं होतं. त्यांच्या ग्रुपमधल्या ड्रमरचा फोन आला होता. तो आमचं जुनं गिऱ्हाईक, आणि स्वतःला नको असलेलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात पटाईत.

“आमचा गिटारवाला येईल,” तो म्हणाला. “तीस वर्षं छापखान्यात मशीनवर होता, आता रिटायर झालाय. जुना ॲम्प्लिफायर उचलून उचलून कंबर गेली, म्हणून हलका पॉवर्ड स्पीकर घेतोय. त्याला मऊ आवाजाचं काहीतरी दे. गेले दोन कार्यक्रम त्याची गिटार सुईसारखी टोचतेय. गायिका म्हणते, एक तर तो नाही तर मी. मी रविवारच्या कार्यक्रमापर्यंत मुदत मागून घेतलीय. रविवारी पुन्हा तेच झालं तर त्याला काढावं लागेल, आणि बावीस वर्षं बरोबर वाजवल्यावर ते सांगायला माझी जीभ उचलणार नाही.”

“मग मी काय करू?”

“चांगला स्पीकर दे.”

माणसांना एकमेकांशी जे बोलता येत नाही, ते स्पीकरने बोलावं अशी बऱ्याच जणांची अपेक्षा असते.

डेमोची खोली आतल्या बाजूला. तीन भिंतींना गालिचा, एक खुर्ची, एक स्टूल, एक कुरकुरणारा पंखा. मी तीन स्पीकर मांडले: मोठा, मधला आणि लहान. काकांनी पिशवीतून चपटी पेटी काढून पायाशी ठेवली. हल्ली आवाज घडवायचं काम ही पेटीच करते. स्पीकरच्या पोटात ॲम्प्लिफायर असतो, आणि त्याने मिळालेला आवाज आहे तसा मोठा करून सांगायचा. पेटीत घातलेलं चांगलं-वाईट तो लपवत नाही.

काका वाजवायला लागले. हात सुरेख होता. नखांच्या कडांना अजून शाईची बारीक निळी रेघ होती, आणि तारेवरून बोट सरकताना जराही खरखर होत नव्हती. संथ चालीचं काहीतरी होतं. मी मनात म्हटलं, यांना काढणार? मग त्यांनी मान हलवली.

“मुका आहे.”

मोठा स्पीकर मुका. मधलाही मुका. लहान तर “तोंडावर पांघरूण घेऊन बोलतोय.” त्यांनी खाली वाकून पेटीवरचा ट्रेबल, म्हणजे वरचा पातळ आवाज, वाढवला, मग अजून वाढवला, आणि पुढच्या सुराला माझ्या दाढेतल्या चांदीत कळ आली. काकूंनी कानांवर हात ठेवले.

“अहो, कमी करा! अहो!” काका वाजवतच राहिले. “बघा ताई. एकोणतीस वर्षं झाली, हे माझं काही ऐकत नाहीत. आणि हल्ली दोन वर्षं तर अजिबातच नाही.”

नवराबायको डेमोच्या खोलीत आले की हे वाक्य येतंच. माझ्या वहीत मी गिऱ्हाईक आवाजाला काय काय नावं ठेवतं ते लिहून ठेवते, पण हे वाक्य लिहायचं मी केव्हाच सोडून दिलंय. त्या दिवशीही सोडलं, आणि तिथेच चुकले.

कारण मला वाटलं, मला रोग सापडला.

“काका, स्टेजवर स्पीकर कुठे ठेवता?”

“खाली. जमिनीवर.”

“म्हणजे वरचा, पातळ आवाज जातो तुमच्या गुडघ्यांकडे. गुडघ्यांना कान नसतात. तुम्हाला तो येत नाही, तुम्ही वाढवता, आणि पहिल्या रांगेतल्या माणसांच्या थेट कानात घालता.”

“हुशार आहे हो पोरगी,” काका खूश झाले.

मीही खूश झाले. मधला स्पीकर मागे झुकवून त्याचं तोंड काकांच्या तोंडाकडे केलं. “वाजवा आता.”

त्यांनी वाजवलं. मला वाईट वाटू नये म्हणून जरा जास्तच वेळ वाजवलं. “फरक आहे,” ते म्हणाले. “पण मुकाच.”

मग मी लहान स्पीकरकडे वळले. घरात वापरायच्या स्पीकरची एक परीक्षा मी घेतेच. गिटार बंद, पंखा बंद, दार बंद, फक्त स्पीकर चालू. काही स्पीकर नुसते चालू ठेवले तरी आतून बारीक सूं करत राहतात. स्टेजवर ते कुणाला कळत नाही. घरी मात्र दुपारी पुस्तक वाचत बसलेल्या माणसाचं डोकं उठतं.

“हा गळतोय,” काकू लगेच म्हणाल्या. “गॅस गळल्यासारखा.”

“काय गळतंय?”

“सूं सूं चाललंय की.”

“उगाच खोड काढू नकोस. घ्यायचा नसेल तर तसं सांग.”

“मी खोड काढतेय? ताई, तुम्ही सांगा. येतोय की नाही आवाज?”

येत होता. चांगला येत होता. मी मान हलवली.

काका स्टुलावरून उतरले, गुडघ्यावर बसले आणि कान स्पीकरच्या जाळीला लावला. आमच्याकडे बघत त्यांनी मागचं बटण बंद केलं. सूं थांबलं. तुम्ही बघितलं असेल, असा आवाज थांबला की माणसाचा चेहरा आपोआप सैल पडतो. त्यांनी बटण चालू केलं. पुन्हा बंद केलं. चालू. बंद. स्पीकरकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते आमचे चेहरे वाचत होते.

“येतोय खरा,” ते म्हणाले. “मला नाही येत.”

काकू खुर्चीत बसल्या.

“दाराची बेल?” काकूंनी विचारलं.

“ती नवी? ती वाजते?”

“परवा मी बाथरूममधून टॉवेल मागत होते. दहा मिनिटं.”

“मला वाटलं, गुणगुणतेयस.”

“आणि मोबाईल?”

“थरथरला की कळतो.” काका जमिनीवरच बसून राहिले होते. “मला वाटायचं, तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस. रागावलीयस म्हणून.”

“मी? मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते! वरच्या मजल्यावरच्या बाई विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. दोन वर्षं. अहो, मग मी भांडत कुणाशी होते?”

मी कानांची डॉक्टर नाही. पण कारखान्यातून, छापखान्यातून आलेली माणसं पाहिलीत. मशीन आधी वरचे, पातळ आवाज खातं. खालचे शाबूत ठेवतं. म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. त्याला वाटतं, जगच जरा पुटपुटायला लागलंय. काकांना आठवत होती तशी गिटार कानाला लागेपर्यंत ते ट्रेबल वाढवत होते, आणि बाकीच्यांना सुया टोचत होत्या. हे मी सांगितलं, डॉक्टरांकडे जा म्हणूनही सांगितलं. काकांनी दुसऱ्याच गोष्टीचा विचार चालवला होता.

“ड्रमरला सांगू नका,” ते म्हणाले. “त्याने दुसऱ्या एका गिटारवाल्याचा नंबर घेऊन ठेवलाय, मला माहितीय. रविवार निभावला पाहिजे. मी ट्रेबल अर्ध्यावर ठेवीन, झालं.”

“हॉल बदलला की अर्ध्यावरचंही बदलतं. तुम्हाला कसं कळणार?”

काकांनी जाळीवरून हात फिरवला. “बहिरा गिटारवाला कोण ठेवेल?”

“बहिरे कुठे आहात?” काकूंनी डोळे पुसले. “उठा, वाजवा. जाळीला कान लावून काय बसलात?”

काकू घरी शिवणकाम करतात. गिटारमधलं काही कळत नाही असं त्यांनी आधीच जाहीर केलं, आणि त्यानंतर तासभर एका शब्दाने आम्हाला नाचवलं. “कांजी जास्त झालीय,” त्या कापडाच्या कडकपणाबद्दल बोलावं तसं म्हणायच्या. काका ट्रेबल उतरवायचे. “अजून कडक आहे. काढा अजून. आता फारच लुळं पडलं, थोडी घाला.” माझ्या वहीत आवाजाची शंभरेक विशेषणं असतील, पण इतकं नेमकं एकही नाही.

मोठा स्पीकर त्यांनी चार सुरांत बाद केला, छातीत धडधडतं म्हणून. लहान गळकाच होता. राहिला मधला. आधी घरातल्याइतक्या आवाजात कांजी जमवली आणि ती पेटीत एक नंबरवर साठवली. मग मी आवाज स्टेजइतका चढवला आणि काकूंनी पुन्हा कान झाकले, कारण घरी जे बेताचं लागतं तेच मोठं केलं की बोचतं. पुन्हा कांजी काढली. ते झालं दोन नंबर.

काका सगळा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत वाजवत होते.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“घोंगडीखाली बसून वाजवल्यासारखं.” त्यांनी एक सूर छेडला, विझेपर्यंत थांबले. “हाच द्या.”

स्वतःला न आवडणारा आवाज विकत घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पाचच्या सुमारास ड्रमर गाडी घेऊन आला. “काय छापखाना, ठरलं का?” आत येऊन भिंतीला टेकला. काकांनी दोन नंबर लावून संथ चालीचं तेच वाजवलं. ड्रमरने हाताची घडी सोडली.

“अरे, हा! इतके दिवस कुठे लपवला होतास हा आवाज?” माझ्याकडे बघून त्याने भुवई उडवली, म्हणजे माझं काम फत्ते.

काकांनी एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. थांबावं असं मला मनापासून वाटत होतं. रविवार निभावला असता. पुढच्या कार्यक्रमाचं पुढे बघता आलं असतं. त्यांनी गिटार मांडीवरून काढून भिंतीला उभी केली.

“हा आवाज माझा नाही. हिने लावलाय. मला वरचं ऐकू येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे येत नाही. मशीनने खाल्लं. तुम्हाला टोचत होतं ते मला कळतच नव्हतं.”

“आणि मी तुझ्यासाठी दोन कार्यक्रम गायिकेशी भांडलो!” ड्रमर ओरडला. “तिला म्हटलं, बाई, तुझेच कान नाजूक आहेत!”

“मला आज कळलं. तीन वाजता.”

ड्रमर खोलीत फिरायला लागला. खोली चार पावलांची, त्यामुळे त्याला सारखं वळावं लागत होतं.

“माझा ठेका येतो?”

“तो मेल्यावरही येईल.”

ड्रमर हसला नाही, पण चाल मंदावली. “तिचं गाणं?”

“सूर येतो. शब्द कमी येतात. पण शब्द मला पाठ आहेत, तिच्यापेक्षा जास्त.”

हे बहुधा खरं असावं, कारण ड्रमरने वाद घातला नाही. तो काकूंकडे वळला. “वहिनी, तुम्ही आमच्या एकाही कार्यक्रमाला आला नाहीत कधी.”

“बोलावलं कुणी?”

“तीनदा निरोप दिला मी. याच्याकडे.”

दोघांनी काकांकडे पाहिलं.

“ते मी ऐकलं होतं,” काका म्हणाले. “सांगितलं नाही. तू समोर बसलीस की माझी बोटं अडखळतात.”

“आज तासभर बसले होते की समोर.”

काकांनी चपटी पेटी पिशवीत घातली. ड्रमरने केबल गुंडाळून पिशवीत टाकली, स्पीकर छातीशी धरून उचलला, वजनाचा अंदाज घेतला. “बरा आहे. कंबर वाचेल,” तो म्हणाला आणि दाराकडे चालू लागला. “गायिकेला मी सांगतो. रविवारी वहिनींना घेऊन साडेचारला ये. लोक यायच्या आत लावून घेऊ. त्यांना शेवटच्या रांगेत बसवू.”

पाठमोरा बोलत होता. काकांनी काकूंकडे पाहिलं.

“किती वाजता म्हणाला?”

ड्रमर दारात थांबला. त्याने स्पीकर खाली ठेवला, परत चार पावलं आला, काकांच्या अगदी समोर उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, “साडेचार.”