जनीबायचा दम

मिरचीचा खकाणा उडाला की नवख्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं. जनीबायला तो आताशा गळ्यातच जाणवायचा. पनवेलजवळच्या मसाल्याच्या कारखान्यात, मिरचीच्या चक्कीवर तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण तिच्या गावात, गव्हाणात, तिला चक्कीवाली म्हणून कोणी ओळखत नसे. तिथे ती धवलारीण, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी म्हणणारी. लग्नाचे विधी तिच्या धवल्यांवाचून पुढे सरकत नसत. तिची आई मिठागरात मीठ ओढताना धवले म्हणायची, तेव्हा खाडीपलीकडची माणसं काम थांबवून ऐकत. आता मिठागर नाही आणि ती माणसंही नाहीत. उरला होता तो जनीबायचा आवाज. गेल्या उन्हाळ्यात एका हळदीत तिची ओळ मधेच तुटली. बायकांनी सावरून घेतलं, पण जनीबायची झोप उडाली. तिला एकच ध्यास लागला, पॅकिंगला बदली मिळवायची. तिथे धूळ नव्हती.

अशात कारखान्यात फुफ्फुसांची तपासणी निघाली. ज्यांचा दम कमी भरेल त्यांना पॅकिंगला बसवू, असं मॅनेजर सत्यजीत सरांनी सांगून टाकलं. शेजारच्या चक्कीवरच्या शोभाने लगेच साऱ्याजणींना शिकवून ठेवलं की फुंकायचं हळू आणि खोकायचं जोरात. तिची स्वतःची फुंक पणतीही विझणार नाही अशी निघाली. तपासणीला आलेल्या वल्लरीने पुन्हा पुन्हा फुंकायला लावलं, शोभा दर वेळी तितकीच फुंकली आणि पास झाली, म्हणजे नापास झाली.

मग जनीबायच्या नाकाला चिमटा लागला. ठरल्याप्रमाणे तिने नळीत जेमतेम श्वास सोडला. वल्लरी मायेनेच म्हणाली, "राहू द्या मावशी. या वयात दम कुठून आणणार तुम्ही?"

मागे रांगेत गव्हाणच्या चार सुना उभ्या होत्या. जनीबायने नळी परत मागून घेतली. मांडवात पहिला धवला उचलताना भरायची तशी छाती भरली आणि सोडली. वल्लरीचं "अजून, अजून" संपलं तरी तिची फुंक संपेना.

कारखान्यात तिचा पहिला नंबर आला. शाल, नारळ, भिंतीवर फोटो. सत्यजीत सरांनी भाषणच केलं: मिरचीत राहून मावशींची फुफ्फुसं अशी, म्हणजे आपल्याकडची हवा चांगलीच. बायकांनी कधीपासून लावून धरलेली मास्कची मागणी त्याच दिवशी बारगळली. शोभा पॅकिंगला गेली आणि तिची चक्कीही जनीबायच्या गळ्यात पडली.

पुढे शोभाच्या कोमलची हळद आली. ऐन धवल्यात जनीबायची ओळ पुन्हा तुटली.

"गो जनीबाय, दम कुठं गेला तुझा?" शोभा कुजबुजली.

"कंपनीच्या भिंतीवर हाय."

लेकीची हळद अडलेली. शोभाने ओळ उचलली आणि तिचा खणखणीत आवाज पार जेवणाच्या पंगतीपर्यंत गेला. पंगतीला सत्यजीत सर बसले होते. त्यांनी घास खाली ठेवून मान वळवली. जनीबायला ते दिसलं आणि शोभाची पॅकिंगची जागा डोळ्यांपुढे आली. उरलासुरला श्वास गोळा करून तिने असा सूर लावला की शोभाचा आवाज त्याखाली बुडून गेला.

सर कौतुकाने शेजारच्याला म्हणाले, "ऐकलंत? या आमच्या मिरचीवरच्या मावशी."