रिकाम्या पोटी औषध

सासूबाईंचं एक मत पक्कं होतं. रिकाम्या पोटी औषध कुणी घ्यायचं नाही. नवऱ्याला, मुलाला, आल्यागेल्या शेजाऱ्यालासुद्धा त्यांनी आयुष्यभर आधी दोन घास खायला लावले आणि मगच गोळी हातावर ठेवली. म्हणून काल संध्याकाळी, सून पुढच्या दवाखान्यात एका मांजराच्या कानातले किडे काढण्यात गुंतलेली पाहून, त्या हळूच मागच्या माशांच्या टाकीवर गेल्या आणि बारा माद्यांना नेहमीपेक्षा मूठभर जास्तच खाद्य टाकून आल्या.

सुनेनं खरं तर बजावलं होतं, "उद्या सकाळी औषध द्यायचंय. तोवर एक दाणाही नको." त्यावर सासूबाई "बरं" म्हणाल्या होत्या. त्यांच्या या "बरं"चे अर्थ बरेच होते, आणि लग्नाला तीन वर्षं होऊनही सुनेला त्यातले निम्मेच कळले होते.

या बारा माद्या सासूबाईंनी बोटाएवढ्या असल्यापासून आठ वर्षं वाढवल्या होत्या. बाहेरची सगळी तळी दरवर्षी यांच्याच पिल्लांनी भरायची. त्या गेल्या की सगळंच संपलं. आठवड्यापूर्वी त्या टाकीच्या भिंतीला अंग घासू लागल्या, तेव्हा सासूबाईंनी सुनेला नाइलाजानंच बोलावलं. कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरला माशातलं काय कळतंय, असं त्या तिच्यासमोरच म्हणाल्या होत्या. सुनेनं वाद घातला नाही. एका मादीच्या कल्ल्यावरचा थोडा बुळबुळीत द्राव काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. सासूबाईंना आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग वळवळणारे कृमी दिसले, एक नाही, ढीगभर.

आता सून गमबूट चढवून टाकीपाशी उभी होती. औषध मोजून बादलीत कालवलं होतं. हवेच्या नळ्या पाण्यात सोडता सोडता ती म्हणाली, "हे पडलं की पाण्यातली हवा कमी होते. पोट भरलेल्या माशाला तर जास्तच हवा लागते. खाल्लेले असते तर तासाभरात उलटे होऊन तरंगले असते. म्हणून उपाशी ठेवायला सांगितलं."



सुनेनं बादली उचलली. सासूबाईंना गप्प राहणं फार सोपं होतं. मासे मेले असते तर दोष औषधावर गेला असता, सुनेवर गेला असता. हा विचार मनात येऊन गेला याची सासूबाईंना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

"थांब," त्या म्हणाल्या. "मी घातलंय त्यांना. काल. पोटभर."

सुनेनं बादली खाली ठेवली. तिचा चेहरा लालबुंद झाला, पण आवाज चढला नाही. "सगळ्यांनी खाल्लं?"

"थोरली आणि तुटक्या शेपटीची सोडून. थोरलीनं चार दिवस तोंड उघडलेलं नाही. तिच्यासाठीच टाकलं होतं गं."

"नक्की?"

"बाराही तोंडं ओळखते मी."

सुनेनं वाकून त्या दोघींकडे नीट पाहिलं. "मग या दोघी आजच. तशाही त्याच जास्त धापा टाकताहेत. टबात मिठाच्या पाण्यात बुडवू, त्यानंही कृमी मरतात; उद्या पुन्हा एकदा. बाकीच्यांना उद्या टाकीतच औषध. आणि आज कुणालाही काहीही नाही."

सासूबाईंनी बाह्या सरसावल्या आणि टाकीत उतरल्या. तुटक्या शेपटीची आधी झाली, तिनं फार त्रास दिला नाही. मग त्यांनी थोरलीला ओल्या हातांनी अलगद उचलून टबात सोडलं. सून घड्याळ धरून बसली. चौथ्या मिनिटाला थोरली एका कुशीवर कलली.

"काढू?"

"अजून नाही."

"मरेल ती."

"आधी कृमी मरू देत. कललीय, उलटी झालेली नाही."

सासूबाईंच्या हातांना वाट बघायची सवयच नव्हती. तरी ते पाण्याच्या वर तसेच थांबले. थोरली पोट वर करून फिरली.

"आता."

त्यांनी तिला शेजारच्या छोट्या टाकीत, स्वच्छ पाण्यात सोडलं आणि हवेच्या बुडबुड्यांसमोर सरळ धरून ठेवलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पाठ भरून आली. मग हातातल्या हातात तिची शेपटी हलली.

तेव्हा कुठे सून बोलली. "आई, मला विचारलं असतंत तर कारण सांगितलं असतं."

"न विचारता सांगायचं होतंस."

"हो. ते माझं चुकलं."

"आणि तोंडदेखलं बरं म्हटलं, ते माझं," सासूबाई म्हणाल्या. असं काही त्यांच्या तोंडून याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी खाद्याच्या वेळेला मोठ्या टाकीतल्या दहा जणी कडेला गर्दी करून पाणी उडवू लागल्या. सासूबाई तिकडे न बघता छोट्या टाकीपाशी गेल्या. थोरली तळाशी होती. त्यांची चाहूल लागताच ती वर आली आणि तिनं तोंड उघडलं.

याचसाठी त्या चार दिवस झुरत होत्या. डोळे भरून आले, आणि हात आपोआप खाद्याच्या डब्याकडे गेला.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा मिठात बुडायचंय तुला."

थोरलीनं पुन्हा तोंड उघडलं. सासूबाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तिच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या.