अंबूबाईची उडी

पाडव्याच्या सकाळी गुढीला कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी बांधून झाली, तसं शिवांजलीनं पाटावर लाल फडकं अंथरलं आणि पिशवीतनं पत्त्यांचा जोड काढला. अंबूबाईच्या कपाळाला आठी पडली.

"आगं, सणासुदीचं पत्तं कुटायचं का काय?"

"खेळायचे नाहीत हे, आत्या. टॅरो म्हणतात ह्यांना."

शिवांजली अंबूबाईची सून. माहेर फलटणचं, नवरा वीरधवल फौजेत. जोधपूरच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या गढवाली बाईकडून ती हे पत्ते मांडायला शिकली होती. झाडांना पालवी फुटली की ती दोन पानं काढायची. मागं काय सोडायचं त्याचं एक, नव्यानं काय धरायचं त्याचं एक.

"म्हंजे पिंगळ्याचा धंदा सुरू केलास म्हण की," खुर्चीत बसलेले गुंडा म्हणाले. अंबूबाईचे मालक, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. मिशा अजून तशाच.

"भविष्य नाही सांगत हे, मामा. नुसतं विचारतं. उत्तर आपलं आपण द्यायचं."

हे मात्र अंबूबाईला आवडलं. आजवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती पदर खोचून पाटासमोर बसली आणि पसरलेल्या पानांतनं एक ओढलं.

काळा झगा पांघरलेला एक माणूस खाली मान घालून उभा. पुढ्यात तीन पेले उलथलेले.

"ह्या घागरी सांडल्यात," अंबूबाई म्हणाली. मग चित्राला बोट लावून थांबली. "पर ह्याच्या मागं दोन भरल्याल्या हायती. येड्यानं मान वळवून बघितलंच न्हाई."

अंबूबाईनं दुसरं पान ओढलं. कड्याच्या अगदी टोकावर एक तरणा गडी उभा होता, तोंड आभाळाकडं, हातात फूल, पायाशी उड्या मारणारं कुत्रं.

"ह्याला खुळा म्हणतात. नवी सुरुवात करणारा."

"खुळा कसला? ह्यो इहिरीच्या काठावर हुबा हाय," अंबूबाई म्हणाली. पान तिनं खाली ठेवलंच नाही.

ती कृष्णाकाठच्या अंकलखोपची लेक. सातव्या वर्षी नदीत पडली ती पोहूनच बाहेर आली, आणि सोळाव्या वर्षी ह्या काठावरनं त्या काठावर जाऊन परत यायची, वाटेत दम न खाता. अठराव्या वर्षी लग्न होऊन म्हसवडजवळच्या ह्या गावात आली. दुसऱ्या दिवशी तिनं सासूला विचारलं, "नदी कुठशी हाय?" सगळं घर हसलं होतं. सासूनं तिच्या हातात घागर दिली आणि दीड कोसावरचा झरा दाखवला. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं पाणी तिनं डोक्यावरनं वाहिलं, टँकरमागं पळून भरलं, भांडून मिळवलं. पाण्यात शिरायची गोष्ट तिनं मनातनं काढून टाकली. तेवढं पाणीच नव्हतं.

आता होतं. दोन वर्षांपूर्वी कालवा आला, आणि चैत्रात ज्या विहिरीच्या तळाला कबुतरं घुमायची ती निम्म्याच्या वर भरली. गाव आनंदानं खुळं झालं. पण पाण्याची सवय कुणाला होती? गेल्या महिन्यात शेजारच्या रंगुबाईची दीपमाला कालव्यात घसरली. कडेला पंधरा माणसं उभी होती, पण पोहायला कुणाला येत नव्हतं. नशिबानं कुणीतरी टाकलेल्या दोराला हात लागला आणि पोर वाचली. त्या दिवशी अंबूबाई धावत पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दीपमालेला पोटाशी धरून ती रडली होती, आणि का रडते ते कुणाला सांगू शकली नव्हती.

"शिवा," ती आता म्हणाली, "म्या उद्या इहिरीत उतरनार."

खुर्ची करकरली. "डोकं फिरलं का तुजं?" गुंडा म्हणाले. "एकसष्ट वर्साची बाई इहिरीत? गाव काय म्हनंल?"

"गाव लय म्हनलं आजवर. त्यानं कुनाला पोहाया आलं का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नऊवारीचा काष्टा घट्ट मारून विहिरीवर आली. बातमी आधीच पोचली होती. करंजाच्या कोवळ्या पालवीखाली बाया दाटीवाटीनं उभ्या होत्या, पलीकडं बापय. शिवांजलीनं कडेच्या झाडाला दोर बांधून तयार ठेवला होता. गुंडा सगळ्यात मागं, हाताची घडी घालून.

अंबूबाई काठावर उभी राहिली आणि खाली बघितलं. पाणी हिरवंगार, खोल. अंग पोहणं विसरलं असलं तर?

"पायऱ्यांनी उतर!" मागनं गुंडांचा आवाज आला. त्यात राग नव्हता, भीती होती. "आगं, ऐक माजं. पायऱ्यांनी उतर!"

अंबूबाईनं एकदा मागं बघितलं, हसली आणि सूर मारला.

पाणी फुटलं आणि मिटलं. बायांनी तोंडाला पदर लावले. रंगुबाई ओरडायच्या बेतात होती. तेवढ्यात पार पलीकडच्या भिंतीपाशी पांढरं डोकं वर आलं. अंबूबाईनं तोंडावरचं पाणी निपटलं, भिंतीला पाय रेटला आणि परत फिरली. लांब, सावकाश हात, अजिबात खळखळ न करता. तीन फेऱ्या झाल्यावर ती उताणी झाली आणि पाण्यावर नुसती पडून राहिली. वर आभाळाचा गोल तुकडा, कडेनं वाकलेली माणसं, कानात पाण्याचा घुमणारा आवाज. तिला वाटलं, आपण आत्ता कुठं सासरी आलो.

"आवं काकी," वरनं रंगुबाईचा आवाज आला, "आमच्या दीपमालेला शिकिवशीला का?"

"तिला बी शिकीवते आनि तुला बी. रिकामा डबा घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, चौथ्या दिवशी सात. शिवांजली सगळ्यांच्या पाठीला पाच लिटरचे रिकामे डबे बांधायची, आणि अंबूबाई पाण्यात उभ्यानं हातपाय मारत एकेकीला पोटाखाली हात देऊन तोलायची. "पान्याशी भांडू नगा गं. त्याच्यावर निजा." सुरुवातीला बापय कडेला बसून हसायचे. आठवड्यानं त्यांनी दुपारची वेळ बायांना सोडली आणि आपण सकाळी डबे बांधून शिकायला यायला लागले. चैत्र संपायच्या आत अकरा जणींचे डबे सुटले. ज्या दिवशी दीपमाला एकटी विहीर पार करून गेली, त्या दिवशी रंगुबाईनं भिजल्या लुगड्यानिशी काठावर फुगडी घातली आणि गावभर पेढे वाटले.

दोन दिवसांनी अंबूबाई पहाटे उजाडताच विहिरीवर गेली. पायरीवर कुणीतरी बसलं होतं. गुंडा. अंगात बंडी, खाली फौजेतली जुनी खाकी चड्डी, पाठीला डबा. गाठ उलटी पडलेली.

"अट्ठावीस वर्सं फौजेत काढली," ते पाण्याकडं बघत म्हणाले, "पर स्टोअरातच. पान्यात कवा उतरलो न्हाई. त्या दिशी कालव्यावरच्या पंधरा मानसात म्या बी हुतो, अंबू."

अंबूबाईला हे ठाऊक नव्हतं. तिनं त्यांच्या पाठीची गाठ सोडून नीट बांधली, पाण्यात उतरली आणि दोन्ही हात पुढं केले. गुंडा एकेक पायरी मोजत खाली आले, हनुवटीइतक्या पाण्यात थांबले आणि दगडाला घट्ट धरून उभे राहिले. मिशा पाण्याला टेकल्या.

"सोडा हात," अंबूबाई म्हणाली.

"बुडालो म्हंजी?"

"म्या हाय की."

त्यांनी एक बोट सोडलं, मग दुसरं. आणि मग सुभेदारांनी डोळे गच्च मिटून, आरोळी ठोकून दगड सोडला.