खोकी उघडणारं प्रोटीन

“फेक म्हणतायत तर फेकून दे ना! तुझ्या बापाचं काय जातंय?”

“माझा बाप तुझा आजोबा होता. जीभ सांभाळ,” आत्या म्हणाली.

मी सिलिंडर भिंतीला टेकवला, जरा आपटूनच. आत्या या लॅबमध्ये पेशी वाढवते. शाळा सोडल्यापासून मी इथे पेशी उबेत ठेवायच्या पेटीला लागणारा गॅस पोचवतो. लॅबच्या मुख्य मॅडम माझ्यासमोर तिला बोलून गेल्या, “पुरे आता. पेशींच्या डिश टाकून द्या, उबपेटी दुसऱ्यांना हवीय.” आणि या बाईनं हूं की चूं केलं नाही! माझंच डोकं फिरलं.

पेशी एका बाळाच्या. त्याचं हृदय नीट घडलंच नाही. आत्याला त्याच पेशींपासून हृदयाच्या पेशी करायच्यात.

“मग होत का नाहीत?”

“घर बदललं की तवा असतो घरातच, पण बांधलेल्या खोक्यात. सापडतो का? पेशीचं तसंच. आत सगळं लिहिलेलं, पण गुंडाळून ठेवलेलं. नेमकं खोकं सोडणारं एक प्रोटीन असतं. या बाळाचं तेच बिघडलंय. मग पेशी काय करते? एकाची दोन घरं, दोनाची चार, आणि सगळीकडे खोकी बंद! नुसती वाढते, होत काही नाही.” माझ्याकडे बघत म्हणाली, “ओळखीचं वाटतंय?”

“टोमणे नकोत हं!”

“एका डिशमध्ये ते प्रोटीन आम्ही ठीक केलंय. तरी ढिम्म. सकाळपासून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेय.”

टाकून द्यायला तिनं ती ठीक केलेली डिश उचलली आणि जागीच थांबली. बोटं तळाला लावली. मग कपाळावर हात मारला.

“गार पडलीय रे! हृदयाच्या पेशी गारठल्या की थांबतात. नव्या पोरांना यावरून मीच ओरडते, ‘पटकन बघा, परत उबेत ठेवा.’ आणि आज मीच आशेनं एसीत घेऊन बसले!”

डिश उबपेटीत गेली. मला वाट बघणं म्हणजे शिक्षाच. शेवटी तिनं डिश झटकन काचेखाली धरली, बघितलं, आणि बाजूला सरकली.

मी वाकलो. करडे ठिपके. एक कोपरा आखडला. सैल झाला. पुन्हा आखडला, आणि आजूबाजूचं सगळं त्याच्याबरोबर!

“अगं आत्या, धडधडतंय हे!”

“ओरडू नकोस.” तिनं दुसरी डिश काचेखाली सरकवली. “आता ही बघ, ठीक न केलेली.”

ती नुसती पेशींनी खचाखच भरलेली. हालचाल शून्य.

दोन्ही डिश परत उबेत गेल्यात. मॅडम फोन उचलत नाहीत, समोरच्या इमारतीत मीटिंगला बसल्यात. उबपेटी रिकामी करायला माणूस आलाय. आत्या पेटीला पाठ लावून उभी आहे. “थांबा हो दादा जरा,” म्हणते, पण हलत नाही. आणि मी इथे गोष्टी काय सांगत बसलोय! मॅडमना ओढून आणायचंय. निघतो.